थंडर फाइव्हचा ड्रमवाला

वर्ध्याकडच्या जाम गावच्या चौकात उतरून तुम्ही उत्तरवारांच्या किराणा दुकानात जिरं मागितलंत, तर जिरं मिळेल. पण त्याआधी तुम्हाला रॉक संगीताचा इतिहास ऐकावा लागेल. गिऱ्हाईक बाहेरगावचं असलं तर जरा सविस्तर. हैदराबादकडे निघालेले, चंद्रपूरला वळणारे लोक बिचारे पाण्याची बाटली घ्यायला गाडी थांबवतात आणि ‘गानारा चुकला तं चालते, ड्रमवाला चुकला तं बँड बसते’ एवढं ज्ञान घेऊन पुढच्या रस्त्याला लागतात. गावातली माणसं शहाणी आहेत. ती दुकानाची पायरी चढतानाच घाई असल्याचं सांगून टाकतात.

गल्ल्यावर बसलेले हे भूपेंद्र उत्तरवार म्हणजे माझे सख्खे मामा. वय सत्तरीच्या पुढे. डोक्यावर केस असे नाहीतच, कानांवर दोन पांढरे झुपके तेवढे शिल्लक आहेत. अंगात बंडी, खाली पायजमा, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. आणि हा माणूस शपथेवर सांगतो की १९७४ साली आपले केस खांद्यावर रुळत होते आणि आपण वर्धा जिल्ह्यातल्या पहिल्या रॉक बँडचे ड्रमर होतो. मी समुद्रपूरला कॉलेजात शिकवतो आणि येता-जाता मामांकडे चहाला थांबतो. त्यामुळे ही कथा माझ्या कानांवरून इतक्यांदा गेली आहे, की मामा कुठे अडखळले तर पुढचं वाक्य मीच पुरवतो.

मामांचं तोंड एक वेळ बंद करता येईल, पण बोटं नाही. रिकामा पिपा, साबणाचं खोकं, तराजूचं पारडं, जे हाताखाली येईल त्यावर ठेका सुरू. एकदा एक जण बापाच्या तेरवीचं सामान न्यायला आला होता. मामांनी त्याच्यासाठी तेल काढलं आणि रिकाम्या झालेल्या पिपावर असा काही दणका धरला, की तो माणूस सामान तिथेच टाकून उठला. मग मामीला त्याच्या घरी जाऊन हात जोडून यावं लागलं.

मामीचं नाव अन्नपूर्णा, माहेर सेलूजवळच्या हिंगणीचं. दुकानामागच्या खोलीत ती तांदूळ निवडत बसलेली असते. बाहेर कथा ऐन रंगात आली की आतून तिचा आवाज येतो, “काई ऐकू नोका हो भाऊ. या मानसानं जन्मात डफडं बी नाई वाजवलं.”

गिऱ्हाईक हसतं आणि मामांचा चेहरा पडतो. गावाने विश्वास ठेवला नाही याचं मामांना कधी फारसं वाटलं नाही. गाव कशावरच विश्वास ठेवत नाही. उड्डाणपूल उभा राहून वरून गाड्या जायला लागल्या तरी अर्धं जाम ‘होत नसते तो’ म्हणत होतं. पण बायकोने मानू नये, हे मात्र त्यांना फार लागायचं. “अबे श्रीनिवास, साऱ्या दुनियेले नाई पटलं तरी चालते,” असं ते मला म्हणायचे, “पन तिले एकदा तं पटाले पाह्यजे.” आणि पटवायला मामांच्या मते एकच गोष्ट पुरे होती. ड्रम वाजवताना काढलेला, तोंड दिसणारा एक फोटो. सगळा जन्म त्यांनी त्या फोटोची वाट पाहिली.

आता ती कथा मीच थोडक्यात सांगतो. मामांच्या तोंडून ऐकायची तर तुमची एसटी जाईल.

मामा वर्ध्याला कॉमर्स शिकत होते. होस्टेलात आर्वीकडचा कवडू नावाचा मुलगा होता. त्याच्याकडे गिटार होती, म्हणून तो पुढारी झाला. कवडू नावाने इंग्रजी गाणी म्हणणं बरं दिसेना, तेव्हा तो केडी झाला. बँडचं नाव ठेवलं ‘द थंडर फाइव्ह’. होते चौघेच. पाचवा कापूस वेचणीच्या दिवसांत घरी गेला, त्याला बापाने परत पाठवलंच नाही. पण तोवर कापडी पाटी रंगवून झाली होती आणि रंगवलेलं कापड वाया घालवायची आपल्याकडे पद्धत नाही. ड्रम म्हणजे लग्नाच्या वरातीत वाजणाऱ्या एका बँडपार्टीचा मोठा ढोल, एक ताशा आणि झांजा. ढोलावर ‘लग्न, मुंज, बारशाच्या ऑर्डरी घेतल्या जातील’ अशी लाल अक्षरं होती आणि ती झाकायची नाहीत या अटीवरच ढोल मिळाला होता. मामांनी घरच्या खिडकीचा पडदा उतरवून सदरा शिवून घेतला, निळ्या कापडावर ताटाएवढी सूर्यफुलं असलेला. गाणी रेडिओवरून उचललेली. खरखरीतून जेवढे शब्द कानांवर पडले तेवढे म्हणायचे, उरलेल्या जागी केडी ‘येई येई’ करायचा. मामा म्हणतात, रॉक म्हणजे तेच असते.

असा हा बँड सेलूच्या शारदोत्सवात वाजला. मंडळाला ऐन वेळी कीर्तनकार मिळाले नाहीत, म्हणून थंडर फाइव्ह मिळाले. आता आपल्याकडे कार्यक्रम कुठलाही असो, त्याला प्रमुख पाहुणे लागतात. रॉक झालं म्हणून काय झालं? तेव्हा आधी दीपप्रज्वलन झालं, मग ईशस्तवन झालं, मग पाहुण्यांना शाल-श्रीफळ, मग पाहुण्यांचा परिचय आणि शेवटी ‘आजचा तरुण आणि शिस्त’ या विषयावर खुद्द पाहुण्यांचं भाषण. तेवढा सगळा वेळ खांद्यापर्यंत केस वाढवलेले चार तरुण स्टेजवर मागच्या बाजूला शिस्तीत बसून होते. पाहुणे एकदाचे समोरच्या सोफ्यावर जाऊन बसले आणि मग वाजायला लागलं.

किती वाजलं? मी लहान होतो तेव्हा मामा अर्धा तास सांगायचे, हल्ली दोन तास झाले आहेत. गर्दीचंही तसंच. माझ्या मुंजीच्या सुमारास ती पाचशे होती, आता पाच हजारांच्या पुढे गेली आहे. सेलूत तेव्हा एवढी माणसं होती का, असं विचारायचं नसतं.

एक गोष्ट मात्र या कथेत कधी वाढली नाही की घटली नाही. वर्ध्याचे फोटोग्राफर मधुकरराव तिथे आले होते आणि त्यांनी मामांच्या तोंडावर फ्लॅश मारला होता. “एक नाई, दोन नाई,” मामा सांगायचे, “धाड धाड धाड. मले तं डोयापुढं अंधारी आली. तरी हात नाई थांबला माह्या.” फ्लॅश उडाला म्हणजे फोटो निघाला, आणि फोटो निघाला म्हणजे तो कुठेतरी आहे. हिशेब अगदी सरळ होता.

त्यानंतर दोन वर्षांनी मामांचं लग्न झालं. केस कापले गेले, पडद्याचा सदरा जुने कपडे देऊन नवीन भांडी घेताना गेला आणि मामा जामला दुकानात बसले. पण वर्ध्याला माल आणायला गेले की त्यांची एक फेरी मधुकररावांच्या स्टुडिओत ठरलेली.

“मधुकरराव, ते सेलूचं निगेटिव्ह?”

“आहे रे. जाईल कुठे? शोधतो,” मधुकरराव म्हणायचे.

मामा कधी रिकाम्या हाताने जायचे नाहीत. नवी हळद आली की वायगावच्या हळदीची एक पुडी मधुकररावांसाठी वेगळी काढून ठेवायची, हा दुकानाचा नियमच होता. एवढ्या वर्षांत गेलेल्या हळदीत साऱ्या तालुक्याची लग्नं लागली असती. स्टुडिओचं पुढे कलर लॅब झालं, कलर लॅबचं मोबाईलचं दुकान झालं, मधुकरराव म्हातारे होऊन घरी बसले, तरी ते शोधतच होते आणि मामा हळद पोचवतच होते.

दोन वर्षांपूर्वी मामांचा उजवा हात थरथरायला लागला. सेवाग्रामच्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या, व्यायाम सांगितले, पूर्ण थांबणार नाही हेही सांगितलं. दुकानातले पिपे हळूहळू मुके झाले. गावाला सुरुवातीला ते बरंच वाटलं, मग कुणीतरी मलाच विचारलं, “तुह्ये मामाजी आजकाल वाजवत नाई, काऊन?”

मामांनी त्याचीही थट्टा करून घेतली. “आता हात आपोआप वाजते,” ते म्हणाले, “पन ठेक्यात नाई वाजत.” मी हसलो नाही. मग जरा वेळाने, मामी आत आहे ना बघून, ते हळूच म्हणाले, “माह्या मनात होतं, फोटो नाई सापडला तं एखाद्या दिवशी ढोल आनीन अन् वाजवूनच दाखवीन तिले. आता थेबी गेलं. आता फोटोच पाह्यजे.”

मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. थट्टेचा विषय म्हणून जी गोष्ट आम्ही घरादाराने एवढी वर्षं चघळली, ती या माणसाने मनाशी इतकी धरून ठेवली असेल असं वाटलं नव्हतं.

आणि गेल्या हिवाळ्यात दुकानात फोन आला. मधुकररावांची नात शाल्मली पुण्याला फोटोग्राफी शिकते. सुटीत ती आली, आजोबांच्या पलंगाखालचे बिस्किटांचे डबे ओढून तिने उघडले, तर त्यात निगेटिव्हच निगेटिव्ह. म्हणजे मधुकरराव ज्या पलंगावर झोपून पन्नास वर्षं शोधत होते, त्याच्याच खाली सगळं होतं. पोरगी हुशार. तिने ते सगळे कॉम्प्युटरवर चढवले, मोठे करून छापले आणि वर्ध्यात एका हॉलमध्ये प्रदर्शन लावलं, ‘आपलं रॉक: सत्तरची वर्षं’. “भूपेंद्र आजोबा, तुमच्या सेलूच्या कार्यक्रमाचा पूर्ण रोल मिळाला आहे,” ती फोनवर म्हणाली. “तुम्ही या. फोटोतली माणसं मला ओळखून द्या.”

अर्ध्या तासात ही बातमी जामच्या चौकात सगळ्यांना माहीत होती. पानठेल्यापासून पेट्रोलपंपापर्यंत मामा स्वतः सांगून आले. फक्त मामी जागची हलेना.

“मले कायले नेता? माह्ये गुडघे दुखते,” ती म्हणाली.

“तुह्याचसाठी तं हाय सारं,” मामा म्हणाले.

“तुम्ही अन् श्रीनिवास जा. मले मोबाईलवर दाखवजा.”

पण मामांची सेवाग्रामची तपासणी त्याच दिवशी होती, आणि कुठली गोळी सकाळची, कुठली संध्याकाळची हे मामीशिवाय कुणालाच सांगता येत नाही. शेवटी ती आली. मामांनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि माझा गॉगल मागून घेतला होता. तपासणीत डॉक्टरांनाही त्यांनी प्रदर्शनाचं आमंत्रण देऊन टाकलं. मागच्या सीटवर मामी खिडकीबाहेर बघत बसली होती. जामपासून वर्ध्यापर्यंत तिने मामांना एक टोमणा मारला नाही, हे खरं म्हणजे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

हॉलमध्ये शिरल्या शिरल्या पहिल्या भिंतीवर स्टुडिओतले फोटो होते. मधुकररावांच्या स्टुडिओत रंगवलेला पडदा, एक बुलेट आणि तारा नसलेली एक लाकडी गिटार कायमची ठेवलेली असायची, आणि त्या काळातला वर्धा जिल्ह्यातला प्रत्येक तरुण त्या गिटारीसोबत एकदा तरी उभा राहिलेला दिसत होता. बेलबॉटम, कानांवरून वाहणारे केस, पांढरे बूट, चेहऱ्यावर ‘जग गेलं खड्ड्यात’ असा भाव. मामा एकेकाला ओळखत चालले. “हा नायब तहसीलदार झाला. हा सोसायटीचा सचिव. हे पाह्य, हा मास्तर, याच्याच हातचा मार खाल्ला तू.” जग खड्ड्यात घालायला निघालेले हे सगळे पुढे वेळेवर पेन्शन घेऊन घरी बसले. मलाही माझ्या गणिताच्या मास्तरांना त्या पांढऱ्या बुटांत पाहून मनातल्या मनात जुनं भांडण मिटवावंसं वाटलं.

मधुकरराव कोपऱ्यात खुर्चीवर बसले होते, गळ्याशी मफलर, कानात यंत्र. शेजारी शाल्मली उभी होती. तिने मामांना नमस्कार केला आणि सेलूच्या रोलपुढे नेलं.

रोलमधले फोटो. भिंतीवर ओळीने लावलेले. मामांनी गॉगल काढला, चष्मा लावला आणि पहिल्या फोटोपासून सुरुवात केली. पहिल्यात प्रमुख पाहुणे दिवा लावत होते. दुसऱ्यात प्रमुख पाहुणे दिवा लावून झाल्यावर सरळ उभे होते. तिसऱ्यात त्यांना हार घालत होते, चौथ्यात ते हार काढून ठेवत होते. मग शाल. मग नारळ. मग भाषण, एकदा उजवीकडून आणि एकदा डावीकडून. पाहुणे सोफ्यावर बसताना. पाहुणे सोफ्यावर बसल्यावर. अकराव्या फोटोत केडी होता, तोंड उघडं, गिटार पोटाशी. पण त्याच्यामागे ढोलाच्या जागी पाहुण्यांच्या कार्यकर्त्याचा हात आला होता.

मामा पुन्हा पहिल्यापासून बघून आले. मग मधुकररावांच्या खुर्चीपुढे जाऊन उभे राहिले.

“मधुकरराव, माह्ये कोठी गेले?”

“कुठले रे?”

“अहो, माह्या तोंडावर मारून राह्यले होते ना तुम्ही फ्लॅश. धाड धाड.”

मधुकररावांनी कानातलं यंत्र जरा फिरवलं. नीट ऐकू आलं असावं, कारण त्यांनी मान खाली घातली. “भूपेंद्र, अरे, बारा फोटोंचा रोल. मंडळानं बजावलं होतं, पाहुण्यांचे चांगले आले पाहिजेत. मग बाकीच्यांना नुसता फ्लॅश. फ्लॅशगनच्या मागं बटण असायचं एक. ते दाबलं की उजेड पडायचा, फोटो काही निघायचा नाही. लग्नात पण आम्ही सगळे तेच करायचो. नवरदेवाचे दोस्त, नवरीच्या मावश्या, सगळ्यांना उजेड द्यायचा. लोक खूश व्हायचे.”

माझ्या आईने एका लग्नात नवीकोरी पैठणी नेसून मोजून चार वेळा फोटो काढून घेतले होते आणि अल्बममध्ये एकही लावला नाही म्हणून ती आजही त्या घराशी नीट बोलत नाही. तो उलगडा मला तिथे, त्या हॉलमध्ये झाला.

“मंग शोधतो-शोधतो काऊन म्हनत होते?” मामांनी विचारलं.

“तू इतक्या आशेनं यायचास. नाही म्हणवलं नाही,” मधुकरराव म्हणाले. मग खरं तेही सांगून टाकलं, “आणि हळद फार चांगली असायची.”

मामा रागावतील असं मला वाटलं होतं. ते रागावले नाहीत. बाजूच्या बाकावर जाऊन बसले आणि उजवा हात डाव्या हाताने धरून ठेवला. मला मधुकररावांचा राग आला, पाहुण्यांचा आला, त्या मेल्या सोफ्याचाही आला. एक फोटो. बारातला एक फोटो या माणसाच्या वाट्याला आला असता तर कुणाचं काय गेलं असतं?

“आपन जाऊ आता,” मामी म्हणाली. “गोयीची वेळ झाली.” ती दाराकडे निघालीसुद्धा.

“आजी, थांबा ना,” शाल्मली म्हणाली. “बारावा राहिला. तो मी पलीकडच्या भिंतीवर लावला आहे. तो मला सगळ्यात आवडतो, पण त्यातलं कुणीच मला ओळखू येत नाही.”

पलीकडच्या भिंतीवर तो एकटाच होता, दाराएवढा मोठा केलेला. मधुकरराव पाहुण्यांना समोरून टिपण्यासाठी स्टेजच्या मागे गेले असणार. त्यामुळे फोटोत अगदी पुढे ढोलवाल्याची पाठ होती. पाठीवर ताटाएवढी सूर्यफुलं, मानेवर केसांचं जंगल, एक काडी हवेत. त्यापलीकडे सोफ्यावर पाहुणे, बहुधा झोपलेले. आणि सोफ्याच्या बाजूला, सतरंजीवर, बायकांच्या रांगा.

मामा उठून आले. “सदरा माह्या होय,” ते म्हणाले. एवढंच. त्यात आनंद नव्हता. “पन पाठीचं काय घेऊन बसता? पाठ कोनाचीबी असू शकते. तोंड कोठी हाय?” मामी उद्या जामच्या दुकानात काय म्हणेल, ते त्यांना आधीच ऐकू येत असावं.

मी मात्र सतरंजीकडे बघत होतो. पहिल्या रांगेत, सोफ्याला अगदी लागून, दोन वेण्यांची एक मुलगी बसली होती. बाकीच्या बायका एकमेकींत बोलत होत्या, कुणी पाहुण्यांकडे बघत होत्या, कुणी हसू दाबत होत्या. या मुलीने दोन्ही कानांत बोटं घातली होती आणि ती सरळ ढोलवाल्याकडे बघत होती. डावी भुवई वर चढलेली. मामी रागावली की तिची डावी भुवई अशी वर जाते, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे.

“मामी,” मी म्हणालो, “इकडे येता का जरा?”

मामी दारातच उभी होती. आली नाही. एवढ्या वर्षांत ताकास तूर लागू न देणारी बाई, पण तिचा चेहरा बघून मला कळलं आणि माझा चेहरा बघून मामांना. मामा फोटोला नाक लागेल इतके पुढे गेले. मग दाराकडे वळले.

“अन्नपूर्णा, हे तू होय?”

“दिसून राह्यलं ना,” मामी म्हणाली. “मंग काय विचारता?”

“तू आलती?”

मामी दारातून मागे आली आणि बाकावर टेकली. शाल्मली समोर आहे, मधुकरराव ऐकताहेत, हे सगळं तिला दिसत होतं. पण आता सांगायचंच असं तिने ठरवलं असावं. “शारदेच्या आरतीले जातो म्हनून घरी सांगतलं अन् आलती. आरती झाली. संगच्या पोरी घरी गेल्या, मी नाई गेली. बाबाले समजलं असतं तं पाय मोडले असते माह्ये. मंग दोन सालानं तुमी पाह्याले आले. बाबानं इचारलं, पोराले काई नाद-गिद? तुमच्या बाबानं सांगतलं, सुपारी बी नाई खात. म्या आतून ऐकलं सारं. तेव्हा कशी बोलन मी?”

“अन् मंग लग्न झाल्यावर?” मामांचा आवाज बारीक झाला होता. “पन्नास वर्सं मले खोटं पाडलं तू.”

“भेव वाटलं,” मामी म्हणाली. “म्या पाह्यलं होतं म्हटलं असतं, तं तुमी दुकान सोडून ढोल घेऊन हिंडले असते. सासरा म्हनला असता, सुनेनं बिघडवलं. एकदा नाई म्हटलं, मंग नाईच म्हनत गेली.” ती मामांच्या हाताकडे बघत होती. “तुमाले एवढं लागत असन हे नाई समजलं. माह्यं चुकलं.”

मामीच्या तोंडून ‘माह्यं चुकलं’ हे शब्द मी जन्मात पहिल्यांदा ऐकले. मामांनी तर ते ऐकलेच नसावेत, कारण ते पुन्हा फोटोकडे वळले होते. एवढा विजय हातात आलेला, पण या माणसाचं समाधान कसं ते नाहीच. त्यांनी थरथरतं बोट त्या मुलीच्या कानापाशी नेलं.

“पन तू तं कानात बोटं घालून हायेस.”

“मंग? आवाज काय कमी होता?” मामी म्हणाली. “कान बंद केलते म्या. डोये नोते केले. लग्नाच्या साली माह्यासाठी तीन स्थयं आलती. दोघं सरकारी नोकरीवाले होते. म्या बाबाले म्हटलं, जामवाल्याले हो म्हना.”